अपेंडिक्समध्ये गाठ निघाली: तेवढ्यावर थांबावं, की पुन्हा ऑपरेशन करावं?

अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आठवडा उलटलेला असतो. टाके निघालेले असतात, रुग्ण घरी वरणभात खायला लागलेला असतो आणि मग लॅबमधून बायोप्सीचा कागद येतो. त्यावर नुसती ‘सूज’ लिहिलेली असण्याऐवजी ‘म्युसिनस निओप्लाझम’ किंवा ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असे शब्द असतात. काढलेल्या साधारण १०० अपेंडिक्सपैकी एकात असं काही सापडतं. एवढ्या कमी वेळा सापडत असल्यामुळे अनेक सर्जनांना असा रिपोर्ट वर्षाकाठी एखाद-दुसराच दिसतो. मग एक डॉक्टर म्हणतात, “निघालं ना, आता विसरा.” दुसरे म्हणतात, “उजव्या बाजूचं मोठं आतडं काढून टाकू, धोका कशाला?”

दोन्ही सल्ले कोणत्या ना कोणत्या रुग्णासाठी बरोबर असतात. ते तुमच्यासाठी बरोबर आहेत का, हे तीन गोष्टींवर ठरतं: गाठ कोणत्या पेशींची आहे, ती कुठपर्यंत पोचली आहे, आणि अपेंडिक्स शाबूत निघालं की फुटलं. ही तीन उत्तरं हातात येईपर्यंत दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेऊ नये. यातल्या बहुतेक गाठींत काही आठवडे थांबल्याने नुकसान होत नाही. चुकीचं मोठं ऑपरेशन मात्र परत फिरवता येत नाही.

आधी नाव नीट वाचा

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘म्युकोसील’ लिहिलेलं असेल, तर ते निदान नसतं. चिकट स्रावाने फुगलेलं अपेंडिक्स दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. रोकिटान्स्कीने १८४२ मध्ये हे पहिल्यांदा वर्णन केलं, तेव्हापासून एकाच शब्दाखाली चार वेगळे आजार दडलेले आहेत. खड्याने किंवा जुन्या सुजेने तोंड बंद झालं आणि आत स्राव साठला, तर ती साधी साठवण गाठ. ती सहसा २ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही आणि अपेंडिक्स निघालं की विषय संपतो. करवतीसारख्या कडा दिसणारे सेरेटेड पॉलिपही असेच: पूर्ण निघाले असतील तर अपेंडिक्सपुरतं आणखी काही करावं लागत नाही, फक्त एकदा कोलोनोस्कोपी करून बाकीचं मोठं आतडं पाहून घ्यावं.

तिसरा प्रकार सगळ्यात गोंधळाचा: लो ग्रेड अपेंडिशियल म्युसिनस निओप्लाझम. डॉक्टर त्याला ‘लॅमन’ म्हणतात. यातल्या पेशी भिंत पोखरून आत शिरत नाहीत. त्या स्राव तयार करत राहतात, आतला दाब वाढतो, भिंत पातळ होते आणि कधी तरी फुटते. पूर्वी यालाच ‘म्युसिनस सिस्टाडेनोमा’ म्हणत. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर आणि २०१९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते नाव मागे पडलं. तुमच्या रिपोर्टात अजून जुनं नाव असेल, तर लॅबला नव्या वर्गीकरणानुसार रिपोर्ट मागा. याचाच हाय ग्रेड भाऊबंद ‘हॅमन’ फारच दुर्मीळ आहे. वाढीची पद्धत तीच, पेशी मात्र जास्त बिघडलेल्या. तो अपेंडिक्सच्या आतच असेल तर उपचार लॅमनसारखेच, फक्त पाठपुरावा अधिक काटेकोर. चौथा प्रकार म्हणजे पोखरत जाणारा खरा कॅन्सर, अॅडेनोकार्सिनोमा.

या चारांपासून वेगळं एक घराणं आहे: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे पूर्वीचं कार्सिनॉइड. तो बहुतेकदा अपेंडिक्सच्या टोकाला असतो आणि तरुण वयात, दुसऱ्याच कारणाने केलेल्या ऑपरेशनमध्ये योगायोगाने सापडतो.

शेवटी गॉब्लेट सेल अॅडेनोकार्सिनोमा. जुन्या रिपोर्टांत याला ‘गॉब्लेट सेल कार्सिनॉइड’ लिहायचे आणि त्या एका शब्दाने फार नुकसान केलं आहे. ‘कार्सिनॉइड म्हणजे सौम्य’ असं समजून रुग्ण घरी पाठवले गेले. हा आजार अॅडेनोकार्सिनोमासारखा वागतो आणि त्याचे टप्पेही तसेच मोजतात. घरात कोणाच्या जुन्या फाइलमध्ये हा शब्द असेल आणि त्यानंतर कधी तपासणी झाली नसेल, तर ती फाइल घेऊन कॅन्सर सर्जनकडे जाच.

रिपोर्टात हे लिहिलंय का?

नाव कळलं की पुढचे तपशील शोधा. अपेंडिक्सच्या बुडाशी, म्हणजे जिथे ते मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडलेलं असतं तिथे, कापलेल्या काठावर पेशी आहेत का? गाठ भिंतीच्या कोणत्या थरापर्यंत गेली आहे? बाहेरच्या पृष्ठभागावर स्राव आहे का, आणि असल्यास त्यात पेशी आहेत की नुसताच स्राव? न्यूरोएंडोक्राइन असेल तर मिलिमीटरमध्ये आकार, केआय-६७ चा (म्हणजे वाढत असलेल्या पेशींचा) टक्का, शिरांमध्ये किंवा लसिकावाहिन्यांत शिरकाव, आणि अपेंडिक्सला धरून ठेवणाऱ्या चरबीच्या पडद्यात किती मिलिमीटर शिरली आहे तो आकडा.

लॅमनच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: पूर्ण अपेंडिक्स तपासलं का? नेहमीच्या अपेंडिक्समधून दोन-तीन तुकडे घेऊन काम भागतं. इथे भागत नाही. जिथे पोखरणारी वाढ किंवा बारीक छिद्र आहे, नेमका तोच तुकडा डब्यात राहिलेला असू शकतो. उरलेलं अपेंडिक्स लॅबमध्ये काही आठवडे जपलेलं असतं, म्हणून ही विनंती लगेच करावी.

आपल्याकडे काढलेलं अपेंडिक्स नातेवाइकांना दाखवून बरणीत देतात आणि तेच ते लॅबला पोचवतात. ती बरणी १० टक्के फॉर्मलिनची हवी आणि फॉर्मलिन नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट हवं. पाणी किंवा सलाइनमध्ये ठेवलेल्या पेशी सडतात आणि मग कोणताही तज्ज्ञ खात्रीने काही सांगू शकत नाही. खर्च वाचवायला अपेंडिक्स तपासायलाच न पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याला ठाम नकार द्या. या गाठींपैकी बऱ्याचशा ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांना दिसत नाहीत.

दोन ऑपरेशनांत नेमका फरक किती

नुसतं अपेंडिक्स काढणं म्हणजे बहुधा तासाभराचं काम, एक-दोन दिवस दवाखान्यात आणि आठवड्याभरात कामावर. लवकर निघालेली गाठ असेल तर हे ऑपरेशन होऊनच गेलेलं असतं.

राइट हेमिकोलेक्टोमीत लहान आतड्याचा शेवटचा भाग, सीकम (म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात), उजवं चढतं आतडं आणि आडव्या आतड्याचा सुरुवातीचा तुकडा निघतो. त्यांच्या रक्तवाहिन्या मुळाशी बांधून तिथल्या लसिकाग्रंथीही काढतात. किमान १२ ग्रंथी तपासल्या गेल्या तरच टप्पा नीट ठरतो. मग लहान आणि मोठं आतडं एकमेकांना जोडतात. दोन ते तीन तास, दवाखान्यात चार ते सात दिवस आणि पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना. सर्वांत मोठी भीती जोड गळण्याची. ती वेगवेगळ्या नोंदींत १०० पैकी ३ ते ८ रुग्णांत दिसते, आणि गळला तर दुसरं ऑपरेशन व काही काळ पोटावर पिशवी लागू शकते. पुढच्या आयुष्यात पातळ जुलाबाची तक्रार काहींना राहते, कारण पित्ताम्ल शोषून घेणारा लहान आतड्याचा टोकाचा भाग गेलेला असतो. तिथे नेहमीच्या जुलाबाच्या गोळ्यांपेक्षा पित्ताम्ल बांधणारी कोलेस्टिरामाइन पावडर जास्त उपयोगी पडते. बी-१२ वर्षातून एकदा तपासावं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं.

एवढं सोसून मिळतं काय? मुख्यतः लसिकाग्रंथी. म्हणून खरा प्रश्न एवढाच: तुमची गाठ लसिकाग्रंथींत जाणारी आहे का?

दोन्हींच्या मधला एक पर्यायही आहे आणि तो अनेकदा सुचवलाच जात नाही. बुडाच्या काठावर पेशी असतील तर सीकमची फक्त किनार स्टेपलरने काढता येते. लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप आणि बाकी आतडं शाबूत राहतं, जोड करावा लागत नाही.

लॅमन: मोठं ऑपरेशन जवळजवळ कधीच नको

लॅमन लसिकाग्रंथींत जवळपास जात नाही. त्याचा पसरण्याचा रस्ता वेगळा आहे: फुटून पोटाच्या पोकळीत. त्यामुळे ग्रंथी काढण्यासाठी केलेल्या हेमिकोलेक्टोमीने या रुग्णाच्या पदरी काही पडत नाही. पोटात आधीच स्राव पसरलेला असतानाही हेच दिसतं. अमेरिकी सर्जन शुगरबेकर यांच्या गटाने २००४ मध्ये अपेंडिक्सचा म्युसिनस आजार पोटाच्या अस्तरावर पसरलेल्या ५०१ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात हेमिकोलेक्टोमी केल्याने आयुर्मान वाढलेलं दिसलं नाही.

अपेंडिक्स शाबूत निघालं, काठ साफ, पृष्ठभागावर स्राव नाही: हा आजार त्याच दिवशी बरा झाला असं मानायला हरकत नाही. एकदा कोलोनोस्कोपी करावी, कारण अशा रुग्णांत मोठ्या आतड्यात दुसरी गाठ सापडण्याची शक्यता थोडी जास्त असते. मनाच्या समाधानासाठी वर्षाने एक स्कॅन, एवढं पुष्कळ आहे.

काठावर पेशी असतील तर मतभेद आहेत. अशा रुग्णांना नुसतं नजरेखाली ठेवूनही आजार परतला नाही, असे छोटे अभ्यास प्रसिद्ध आहेत. आमचा कौल असा: तरुण, सुदृढ रुग्णात काठावर जिवंत पेशी स्पष्ट दिसत असतील तर सीकमची किनार काढावी. सत्तरीच्या पुढचा, हृदयाचा किंवा मधुमेहाचा आजार असलेला रुग्ण असेल आणि काठावर नुसता स्राव असेल, तर स्कॅनवर लक्ष ठेवावं. दोन्हींत हेमिकोलेक्टोमी येत नाही.

न्यूरोएंडोक्राइन: मिलिमीटरचा हिशेब

१ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पूर्ण निघालेली गाठ असेल तर काहीही करू नका. दुसरं ऑपरेशन नको, गॅलियम पेट स्कॅन (न्यूरोएंडोक्राइन पेशी शोधणारा) नको, दर सहा महिन्यांच्या रक्ततपासण्याही नकोत. हा सल्ला ऐकायला सगळ्यात अवघड जातो, कारण रिपोर्टात ‘ट्यूमर’ लिहिलेलं असतं आणि घरचे म्हणतात, “एकदा पेट करून घेऊच.” त्या पेटमध्ये दुसरीकडेच काही तरी अर्धवट चमकतं आणि मग त्याच्यामागे धावणं सुरू होतं.

२ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर पेट आणि सीटी करून हेमिकोलेक्टोमी हाच आजही रूढ सल्ला आहे.

वाद आहे तो १ ते २ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. गाठ बुडाशी असेल किंवा काठावर पेशी असतील, चरबीच्या पडद्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त शिरकाव असेल, वाहिन्यांत पेशी असतील, केआय-६७ ३ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे ग्रेड २ असेल, तर हेमिकोलेक्टोमी सांगण्याची प्रथा होती. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त युरोपातल्या १५ देशांतल्या २७८ रुग्णांचा पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या नोंदींवरून केलेला, अभ्यास आला. सगळ्यांच्या गाठी १ ते २ सेंटिमीटरच्या. १६३ जणांचं फक्त अपेंडिक्स काढलेलं होतं, ११५ जणांची हेमिकोलेक्टोमी झाली होती. हेमिकोलेक्टोमी झालेल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांत ग्रंथींत आजार सापडला. म्हणजे नुसतं अपेंडिक्स काढलेल्यांपैकीही काहींच्या ग्रंथींत तो राहिला असणारच. तरीही दीर्घकाळात दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही.

याचा अर्थ आम्ही असा लावतो: काठ साफ असेल तर या पट्ट्यातल्या बहुतेकांनी थांबावं. अपवाद काठावर पेशी असलेल्यांचा. त्यांच्यात गाठ पूर्ण निघालेलीच नाही, ती पूर्ण काढणं आवश्यक आहे. एकापेक्षा जास्त धोक्याच्या खुणा एकत्र असतील, विशेषतः केआय-६७ जास्त असेल, तर गॅलियम डोटाटेट पेट करून, न्यूरोएंडोक्राइनचा अनुभव असलेल्या टीमसमोर प्रकरण ठेवून ठरवावं.

पाठपुराव्यात क्रोमोग्रॅनिन-ए नावाची रक्ततपासणी सांगतात. अॅसिडिटीच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्यांनी ती खोटी वाढते, कधी कधी कित्येक पटींनी. डॉक्टरांना विचारून किमान दोन आठवडे गोळी बंद ठेवल्याशिवाय तो आकडा धरू नये.

गॉब्लेट सेल आणि अॅडेनोकार्सिनोमा: इथे थांबणं महाग पडतं

या दोन्हींत तराजू उलटा झुकतो. पेशी भिंतीतून शिरतात आणि ग्रंथींत जातात. गॉब्लेट सेल तर गाठ न बनवता भिंतीभोवती पसरतो. सर्जनला फक्त सुजलेलं अपेंडिक्स दिसतं, आकार मोजायलाच काही नसतं. म्हणून ‘१ सेंटिमीटरपेक्षा लहान, काळजी नाही’ हा न्यूरोएंडोक्राइनचा नियम इथे लावणं धोक्याचं आहे. केआय-६७ वरून याचा ग्रेडही ठरत नाही. नळ्या आणि झुबके करून वाढणाऱ्या पेशींचं प्रमाण पाहतात: ७५ टक्क्यांच्या वर असेल तर ग्रेड १, ५० ते ७५ मध्ये ग्रेड २, त्याखाली ग्रेड ३.

बहुतेक रुग्णांना हेमिकोलेक्टोमी लागते. त्याआधी छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी, कोलोनोस्कोपी, आणि सीइए, सीए १९-९ व सीए १२५ या कॅन्सरच्या खुणा पाहणाऱ्या तीन रक्ततपासण्या. पोटाच्या अस्तरावरचे बारीक दाणे सीटीत सुटतात, त्यामुळे हेमिकोलेक्टोमीच्या सुरुवातीला दुर्बिणीने पूर्ण पोट पाहून घेणं शहाणपणाचं. दाणे दिसले तर बेत तिथेच बदलतो. ग्रंथींत आजार निघाला तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखी ऑक्सालिप्लॅटिनची केमोथेरपी देतात. लॅमनला मात्र शिरेतून दिलेली केमो लागू पडत नाही. लॅमनच्या रुग्णाला कोणी केमोची चक्रं सुचवत असेल, तर आधी स्लाइड दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

बायकांमध्ये अंडाशयांकडे नीट लक्ष द्यावं. अपेंडिक्सचा आजार तिथे जाऊन बसतो आणि तिथली गाठच आधी दिसते, मग अंडाशयाचा कॅन्सर म्हणून उपचार सुरू होतात. दोन्ही अंडाशयांवर स्रावाने भरलेल्या गाठी असतील तर उगम अपेंडिक्समध्ये शोधलाच पाहिजे. पॅथॉलॉजिस्ट सीके-२०, सीडीएक्स-२, एसएटीबी-२ हे रंग लावून आतड्याचं मूळ ओळखू शकतात.

लॅमन फुटलेलं असेल तर: लक्ष ठेवावं, की लगेच पोट धुऊन घ्यावं?

सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नाभोवती आहे. भीती कशाची, ते आधी समजून घेऊ. फुटलेल्या लॅमनमधून निघालेला स्राव आणि त्यातल्या पेशी कुठे चिकटून राहत नाहीत. पोटातल्या द्रवाबरोबर त्या वाहतात. वजनाने ओटीपोटात उतरतात, उजव्या बाजूला यकृताच्या वर, जिथे द्रव शोषला जातो तिथे अडकतात, आणि ओमेंटम या चरबीच्या पडद्यात साचतात. लहान आतडं सतत हलत असल्याने बराच काळ वाचतं. वर्षानुवर्षं हळूहळू साठत पोट शिजलेल्या साबुदाण्यासारख्या दाट स्रावाने भरतं. याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी म्हणतात. दर १० लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम एक ते तीन नवे रुग्ण. पुरुषांत तो अनेकदा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये सापडतो, पिशवीत पाण्याऐवजी जेली निघते.

फुटलेलं प्रत्येक लॅमन इथवर पोचत नाही. बाहेरच्या स्रावात पेशी नसतील आणि तो अपेंडिक्सभोवतीच असेल, तर धोका थोडा. पेशी असतील तर कितीतरी जास्त. तुमच्या रिपोर्टातली ती एक ओळ, ‘स्रावात पेशी आहेत / नाहीत’, इथे सर्वांत मोलाची आहे.

पेशी नाहीत आणि स्कॅन साफ आहे, तर आम्ही पाठपुराव्याच्या बाजूने आहोत. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने स्कॅन आणि वरच्या तीन रक्ततपासण्या, किमान पाच वर्षं. अनेक केंद्रं दहा वर्षांपर्यंत नेतात, कारण हा आजार संथ आहे. सीटी सगळीकडे होतो आणि स्वस्त पडतो. एमआरआयमध्ये किरण नाहीत आणि बारीक स्राव चांगला दिसतो. तिशीतल्या रुग्णाला दहा वर्षं सीटी करत राहण्यापेक्षा एमआरआय बरा. मात्र दर वेळी एकाच केंद्रात, त्याच पद्धतीने करावा, नाहीतर तुलना जमत नाही.

पेशी आहेत पण पोटात दुसरीकडे काही दिसत नाही, तर अनुभवी केंद्राकडून दुर्बिणीने पोट पाहून घ्यावं आणि मग ठरवावं. पोटात आजार दिसतोच आहे, तर वाट पाहण्यात फायदा नाही. तिथे सायटोरिडक्शन आणि हायपेक. पोटाच्या अस्तराचे आजारलेले पापुद्रे, ओमेंटम, लागेल तसं उजवं आतडं, पित्ताशय, प्लीहा, अंडाशय काढायचे आणि मग ४१ ते ४३ अंश सेल्सिअसला तापवलेलं मायटोमायसिनसारखं केमोचं औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं. ऑपरेशन आठ-दहा तास चालतं, कधी त्याहून जास्त. २०१२ मध्ये १६ केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांचे निकाल एकत्र मांडले गेले. त्यात दहा वर्षांनी ६३ टक्के रुग्ण हयात होते. उपचारामुळे मृत्यू २ टक्के, मोठी गुंतागुंत २४ टक्के. एवढ्या पसरलेल्या आजारात हे आकडे खरोखर आशा देणारे आहेत, पण ते अनुभवी हातांचे आहेत.

म्हणून केंद्र निवडताना भाड्याने मशीन आणून हायपेक करू म्हणणारं रुग्णालय आणि नेहमी हेच काम करणारी टीम यांची तुलना खर्चावर करू नका. वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात, किती रुग्णांत आजार पूर्ण निघतो, हे सरळ विचारा. उरलेले दाणे २.५ मिलिमीटरपेक्षा लहान असतील तरच औषधाचा उपयोग होतो, ते तेवढंच खोल शिरतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे काम होतं. प्लीहा निघण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लशी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात. घाईत हे राहून जातं. सरकारी योजनेतून किंवा विम्यातून करणार असाल तर नुसतं ऑपरेशन मंजूर आहे की हायपेकही, हे आरोग्यमित्राकडून किंवा कंपनीकडून लेखी घ्या.

ऑपरेशन अजून झालेलं नसेल तर

सोनोग्राफीत अपेंडिक्सची जाडी १५ मिलिमीटर किंवा जास्त असेल (नेहमीची ६ पर्यंत असते), आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असतील, किंवा सीटीत भिंतीवर कॅल्शियमची वक्र रेघ असेल, तर गाठीचा संशय धरावा. सुई घालून तपासणी करू नये. सुईच्या छिद्रातून नेमकं तेच घडतं जे टाळायचं आहे.

दुर्बिणीने की पोट उघडून? अपेंडिक्स शाबूत, फार मोठं नाही आणि बूड मोकळं असेल, तर दुर्बीण चांगली. तिच्यातून उजव्या बाजूचा यकृतावरचा कोपरा आणि ओटीपोटही पाहता येतं, छोट्या चिऱ्यातून ते दिसत नाही. अट अशी की अपेंडिक्सला चिमट्याने पकडायचं नाही, त्याच्या चरबीच्या पडद्याला धरायचं. स्टेपलर सीकमच्या थोड्या काठासकट लावायचा, झडप आवळणार नाही एवढं पाहून. बाहेर काढताना पिशवीतच घालायचं, छिद्रातून नुसतं ओढायचं नाही. भिंत पातळ आणि ताणलेली असेल, आजूबाजूला चिकटलेली असेल, तर पोट उघडणं हे अपयश समजू नये. सर्जनला आधीच सांगून ठेवा की तुमची त्याला संमती आहे.

आत गेल्यावर स्राव पसरलेला दिसला तर? अपेंडिक्स काढावं, स्रावाचा नमुना घ्यावा, कुठे किती दिसला ते लिहावं, फोटो काढावेत आणि बंद करावं. त्याच बैठकीत आतडं किंवा गर्भाशय काढू नये. उकललेल्या प्रत्येक जागेत पेशी जाऊन रुजतात आणि पुढचं मोठं ऑपरेशन अवघड होतं.

आणखी एक निर्णय आपल्याकडे नेहमी येतो. अपेंडिक्सचा गोळा झाला, सलाइन आणि अँटिबायोटिकवर बसला, डॉक्टर म्हणाले सहा-आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढू, आणि मग दुखत नाही म्हणून रुग्ण परत जात नाही. तरुण रुग्णात ते एक वेळ चालेल. चाळिशीनंतर चालणार नाही. फिनलंडमध्ये असा गळू झालेल्या ६० रुग्णांवर अभ्यास सुरू होता: नंतर अपेंडिक्स काढावं की एमआरआयने लक्ष ठेवावं. तो मध्येच थांबवावा लागला, कारण गाठी अपेक्षेपेक्षा फार जास्त सापडू लागल्या. सापडलेल्या सगळ्या गाठी चाळिशीच्या पुढच्या रुग्णांत होत्या. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. साध्या अपेंडिसायटिसला ऑपरेशनऐवजी गोळ्या घ्यायचं ठरवणाऱ्यांनीही, विशेषतः चाळिशीनंतर, आधी सीटी करून जाडी पाहून घ्यावी.

दुसरं मत घेताना

नुसता कागद घेऊन जाऊ नका, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही घेऊन जा. लॅमन की अॅडेनोकार्सिनोमा, न्यूरोएंडोक्राइन की गॉब्लेट सेल, हे ब्लॉकमधून नवे काप घेऊन, नवे रंग लावूनच पक्कं होतं. अनेकदा दुसऱ्या नजरेखाली निदानच बदलतं आणि त्याबरोबर ऑपरेशनही. सोबत पहिल्या ऑपरेशनची नोंद हवी. ‘अपेंडिक्स फुटलं होतं का, पिशवीतून काढलं का’ हे डिस्चार्ज कार्डवर बहुधा नसतं, ऑपरेशन नोट वेगळी मागावी लागते. ते मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ब्लॉकची पाकिटं बंद गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. तपासणी झाल्यावर ते परत मागून घ्या आणि घरी कोरड्या, थंड जागी, फाइलबरोबर ठेवा.